लिनक्सच्या जाणत्या मंडळींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

पत्र लिहिणारा तुमच्यातलाच आहे. कऱ्हाडात बाजारपेठेच्या मागच्या बोळात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे आणि काउंटरमागच्या माझ्या स्वतःच्या मशीनवर वीस वर्षं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम, चालतंय. तेव्हा 'बाहेरच्यांनी आम्हाला शिकवू नये' हे ठेवणीतलं उत्तर या पत्रापुरतं बाजूला ठेवा.

गोष्ट एका निवृत्त मुख्याध्यापकांची आहे. आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणतो. 2016 साली मुलाने घेऊन दिलेला लॅपटॉप, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम. मशीन धडधाकट. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे गुरुजी दोन पिढ्यांनी नापास. घरगुती वापरणाऱ्यांसाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची मुदतवाढ जाहीर झाली होती, तीही मी त्यांना सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे वर्षभराने पुन्हा हेच. चालतं यंत्र भंगारात घालायचं कशासाठी?" मी त्यांना मिंट ही लिनक्सची आवृत्ती टाकून दिली. फोटो, फाइली, ब्राउझर सगळं लावून दिलं. मराठी टायपिंगचं मात्र राहिलं, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे मला पुतणीच्या लग्नाला नागपूरला निघायचं होतं. जाताना म्हणालो, "अडलं तर या लिनक्सच्या ग्रुपवर विचारा, जाणती माणसं आहेत."

ते माझं चुकलं.

गुरुजींना ज्येष्ठ नागरिक संघाचं इतिवृत्त लिहायचं होतं. इतिवृत्ताची पहिलीच ओळ असते 'ज्येष्ठ नागरिक संघ, कऱ्हाड'. गुरुजींची बोटं इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर बसलेली. बघायला लागत नाही. के, मग शिफ्ट धरून जे, मग डी, यू, ई, आणि शेवटी चौकटी कंस. झालं कऱ्हाड. शिफ्ट-जे हा त्यातला कळीचा. तिथे नुक्त्याचा ऱ बसतो आणि त्याला हलंत जोडला की आपला तो पापणीसारखा अर्धा र मिळतो, जो मराठीला जागोजागी लागतो. वाऱ्यावर, दुसऱ्या, तऱ्हा, कऱ्हाड. गुरुजींनी सेटिंगमध्ये जाऊन धीराने कीबोर्डची यादी उघडली, देवनागरी म्हणून जे पहिलं नजरेस पडलं ते निवडलं. ते होतं हिंदी बोलनागरी. त्यातल्या कळांची मांडणी वेगळी. बोटं इन्स्क्रिप्टची, कीबोर्ड बोलनागरी, पडद्यावर भलतंच.

त्यांनी ग्रुपवर विचारलं, "मी नवीन आहे. मिंटमध्ये कऱ्हाड हा शब्द लिहिता येत नाही. कृपया मार्गदर्शन करावे."

एका संध्याकाळीत चाळीसेक निरोप आले. मी नागपूरहून परतल्यावर वरपासून खालपर्यंत वाचले. पहिला होता, "आधी सर्च करा, मग विचारा." दुसऱ्याने मिंट काढून डेबियन ही लिनक्सची दुसरी आवृत्ती टाकायला सांगितली. तिसऱ्याने डेबियनवाल्याला टोमणा मारला, मग त्या दोघांची सिस्टिमडी या लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमवरून जुंपली आणि पुढचे वीस निरोप त्यातच गेले. एकाने लिहिलं, "आता विंडोजवाल्यांचा लोंढा येणार, ग्रुपचं वाटोळं." एकाने 'आयबस टाका, एम17एन टाका, लॉगआउट करा' असा मंत्र म्हटला, कुठे टाका आणि का टाका याचा पत्ता नाही. आणि एका महाभागाने सुचवलं, "कराड असं लिहा की. चालतंय."

ज्या माणसाने तीस वर्षं पोरांच्या वह्यांतला ऱ्ह तांबड्या शाईने दुरुस्त केला, त्याला हे.

योग्य उत्तर एका ओळीचं होतं: बोलनागरी काढा, त्याच यादीत मराठी इन्स्क्रिप्ट शोधून जोडा. चाळीस निरोपांत ती एक ओळ कुणाला सुचली नाही. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की त्या संध्याकाळी बोलणाऱ्यांपैकी तिघांना ते व्यवस्थित माहीत होतं. माहीत असून सांगितलं नाही, हे मला जास्त लागलं.

आता माझी बाजू ऐका, म्हणजे तुमच्या जागी मी बसलेलो नाही असं वाटायला नको. 2005 साली मला पोस्टाने उबुंटूची सीडी आली होती. उबुंटूवाले तेव्हा मागेल त्याला जगभर फुकट सीडी पाठवायचे. 2011 ला ते बंद झालं. सीडी टाकली, सगळं झकास, फक्त मोडेम ओळखेना. तेव्हाचे स्वस्त मोडेम अर्धवट असायचे. निम्मं काम चिपमध्ये आणि निम्मं विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये, त्यामुळे विंडोज गेलं की मोडेम म्हणजे नुसतं पत्र्याचं खोकं. इंटरनेट लावायला इंटरनेट पाहिजे, अशी गत. पुण्याच्या लिनक्स युजर्स ग्रुपमधल्या एकाचा नंबर मिळाला होता. एसटीडी बूथवरून लावला. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "तुमचे पैसे जातायत. बूथचा नंबर द्या, मी लावतो." मग पाऊण तास, माझ्या वहीत एकेक आज्ञा उतरवून घेत, 'एल म्हणजे लोटसचा एल, आकडा एक नव्हे' असं सांगत त्यांनी मला काय काय करायचं ते लिहून दिलं. घरी जाऊन केलं. पहिल्या खेपेला चाललं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांचाच फोन आला. त्या माणसाने मला कधी विचारलं नाही की विंडोज का सोडलंस, मॅन्युअल वाचलंस का, तुझी लायकी काय.

तुमच्यापैकी प्रत्येकाकडे असा एक माणूस आहे. कॉलेजातला सिनियर असेल, इन्स्टॉल फेस्टमध्ये शेजारी येऊन बसलेला कुणी असेल. 'आम्ही सगळं एकट्याने, धडपडून शिकलो' असं आपण मिरवतो तेव्हा त्या माणसाला पद्धतशीर विसरलेलो असतो. आणि जो खरोखरच एकट्याने शिकला, त्याचं वागणं तर सासुरवास भोगलेल्या सुनेसारखं. सासू झाली की तिला वाटतं, मी भोगलं तर हिने का नाही?

मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. पंधरा वर्षांपूर्वी एका डिप्लोमाच्या पोराने वायफायचं कार्ड चालत नाही म्हणून विचारलं, तर मी त्याला 'आरटीएफएम' एवढी चार अक्षरं लिहून पाठवली होती, म्हणजे शिवी घालून 'आधी मॅन्युअल वाच'. त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. तो पोरगा नंतर कधी दुकानात आला नाही.

आपल्या घराचा इतिहास आपणच विसरतो, ही एक गंमत. 25 ऑगस्ट 1991 ला लिनक्सच्या कर्त्याने, एकवीस वर्षांच्या लिनस टॉरव्हाल्ड्सने, मिनिक्स ही शिकवण्यासाठी केलेली ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांना लिहिलं की मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, तुम्हाला त्यात काय हवंय ते सांगा. बघा, आरंभच नवख्याने जुन्यांना विचारलेल्या प्रश्नाने झाला. आणि पाचच महिन्यांनी, जानेवारी 1992 मध्ये, मिनिक्सचे कर्ते प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी लिनक्स कालबाह्य आहे असं जाहीर लिहिलं. त्याच वादात त्यांनी टॉरव्हाल्ड्सना हेही सुनावलं की तू माझा विद्यार्थी नाहीस हे तुझं नशीब, असल्या आराखड्याला मी फारसे मार्क दिले नसते. टॉरव्हाल्ड्सने तावातावाने उत्तर दिलं आणि मग आपल्या सुराबद्दल माफीही मागितली. पुढे तेच टॉरव्हाल्ड्स शिवराळ ईमेलांसाठी प्रसिद्ध झाले. त्यांच्या नावावर आपल्यातल्या कितीतरी जणांनी स्वतःचा उद्धटपणा खपवला, 'लिनस नाही का बोलत?' म्हणून. पण सप्टेंबर 2018 मध्ये त्याच माणसाने जाहीर कबूल केलं की आपल्या ईमेलांमधले हल्ले समर्थनीय नव्हते, आपल्याला मदत घ्यायची गरज आहे. आणि काही आठवडे काम दुसऱ्याकडे सोपवून ते बाजूला झाले. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, प्रकल्पाने वर्तनाची संहिता स्वीकारली ती त्याच सुमाराला. ज्याचा दाखला देऊन आपण गुरगुरत होतो त्यानेच ते सोडलं. आपण अजून त्याची जुनी ईमेलं पाठ म्हणतोय.

दुसरं उदाहरण ताजं आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. नोव्हेंबर 2021. लायनस टेक टिप्स या यूट्यूब चॅनेलचे लायनस सेबॅस्टियन यांनी महिनाभर लिनक्स वापरून बघायचं ठरवलं. पॉप ओएस ही लिनक्सची आवृत्ती टाकली. गेम खेळायला स्टीम हवं होतं, ते सॉफ्टवेअरच्या दुकानातून बसेना, म्हणून इंटरनेटवर सांगतात तसं टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, गेले. स्टीमच्या पॅकेजमध्ये त्या दिवसांपुरती एक गडबड होती. टर्मिनलने लांबलचक यादी दाखवली, अत्यावश्यक गोष्टी काढल्या जातील असा इशारा दिला आणि पुढे जायचं असेल तर 'येस, डू ॲज आय से!' हे वाक्य टाइप करा म्हटलं. त्यांनी केलं. सगळा डेस्कटॉप उडाला. समोर काळा पडदा.

आपल्या मंडळींनी काय केलं? हसली. 'इशारा स्वच्छ लिहिला होता, वाचता येत नाही का?' लाखो लोक बघत असताना आपण त्या माणसाच्या बावळटपणावर पीएचडी केली. आणि ज्यांच्या हातात खरंच काही होतं ते काय करत होते? पॉप ओएसवाल्यांनी पॅकेजची गडबड काढली, आणि सॉफ्टवेअर बसवणारा-काढणारा एपीटी हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी थोड्याच दिवसांत बदल केला की असं नुसतं वाक्य टाइप करून अत्यावश्यक पॅकेजं काढता येऊ नयेत. म्हणजे कारागिरांनी मान्य केलं की दाराला कडी नव्हती. 'दार उघडं दिसलं नाही का' म्हणून ओरडणारे आपण, ज्यांनी त्या दाराला कधी हातही लावलेला नव्हता.

हे मी दुकानात रोज बघतो. गिऱ्हाईक चुकीच्या ठिकाणी दाबतं तेव्हा दहातल्या सात वेळा दाबायची जागाच चुकलेली असते. नवख्याची चूक ही फुकटची तपासणी आहे. तुम्ही आणि मी वीस वर्षं वापरून इतके सरावलो आहोत की खड्डा कुठे आहे हे आपले पाय चुकवतात, डोळ्यांना दिसतच नाही. गुरुजींना बोलनागरी का निवडावंसं वाटलं, याचं उत्तर गुरुजींच्या वयात नाही, यादीत आहे.

आता परत जाणाऱ्यांविषयी. कारण येणाऱ्याला आपण नुसतं टोचतो, पण जाणाऱ्याला शापच देतो.

माझ्या दुकानाशेजारी डीटीपी करणाऱ्या एक ताई आहेत. पंधरा-सोळा वर्षांच्या लग्नपत्रिका, शुभेच्छापत्रं, ग्रामपंचायतीचे अहवाल त्यांच्या डिस्कवर आहेत आणि ते सगळं युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये, विंडोजवरच्या जुन्या पेजमेकरमध्ये. अशा फॉन्टमध्ये 'क' च्या जागी मुळात कुठलंतरी रोमन चिन्ह साठवलेलं असतं. फॉन्ट काढला की श्रीगणेशाय नमः चा नुसता कचरा दिसतो. ताईंनी माझ्या नादाने तीन महिने लिनक्स वापरलं. नवीन कामं जमली. पण मे महिन्यात धाकट्या मुलीच्या लग्नाला आलेला माणूस म्हणतो, 'थोरलीची होती तशीच करा, फक्त नावं बदला', तेव्हा थोरलीची पत्रिका उघडायला लागते, आणि ती लगीनसराईत, पाच मिनिटांत. त्या विंडोजवर परत गेल्या. ग्रुपवर प्रामाणिकपणे तसं लिहिलं, आभारही मानले. उत्तरं आली: 'गुलामगिरीची सवय', 'जमत नव्हतं तर आलात कशाला', 'फाइली युनिकोडमध्ये करून घ्यायच्या, इतकं सोपं आहे'. सोळा वर्षांच्या फाइली. करून घ्यायच्या. या, बसा ताईंच्या खुर्चीवर, लगीनसराईत करून दाखवा.

ताईंनी केलं ते बरोबर केलं. माझ्याकडे आल्या असत्या तर मीच सांगितलं असतं की अजून दोन वर्षं थांबा. ज्याचं पोट त्या मशीनवर आहे त्याचा हिशेब आपल्या तत्त्वांनी करायचा नसतो. आणि त्या गेल्या तरी काही घेऊन गेल्या: आजही त्यांच्या विंडोजवर लिबरऑफिस आणि इंकस्केप ही मुक्त सॉफ्टवेअरं आहेत, नवी कामं त्या युनिकोडमध्येच करतात. हा माझ्या लेखी पराभव नाही. तुमच्यापैकी काहींच्या लेखी आहे, कारण तुमच्याकडे मतदार मोजल्यासारखी माणसं मोजतात.

एक गोष्ट तुमच्यातले बरेच जण शहरात बसून विसरता, म्हणून सांगतो. 'लिनक्स फुकट आहे' हा मुद्दा आपल्या बाजारात चालत नाही. इथे विंडोजलाही कुणी पैसे मोजलेले नसतात. जो तो 'टाकून द्या' म्हणतो. मोफत आणि मुक्त हे दोन वेगळे शब्द मराठीत सुदैवाने आहेत, इंग्रजीतल्या 'फ्री'सारखी एकाच शब्दाची ओढाताण नाही, तरी आपण ते वापरत नाही. माझ्याकडे येणारा माणूस पैसे वाचवायला लिनक्सकडे येत नाही. तो येतो कारण त्याचं चालतं यंत्र कुणीतरी निकालात काढलंय आणि त्याला ते पटलेलं नाही. म्हणजे तो तुमच्याच विचाराने आलेला असतो, तुमच्या शब्दांशिवाय. आणि तुम्ही त्याला पहिला प्रश्न विचारता, 'कुठलं डिस्ट्रो?', म्हणजे लिनक्सची कुठली आवृत्ती.

केरळात सरकारी शाळांमधून मुलं बऱ्याच वर्षांपासून लिनक्सवरच संगणक शिकतात. तिथे आधी शिक्षकांना शिकवलं, मल्याळममध्ये टाइप होतंय याची खात्री केली आणि मग मुलांसमोर ठेवलं. त्यात ना कसली क्रांती, ना कुणाची खरडपट्टी. कंटाळवाणं काम आहे ते. आपल्याकडे त्या कंटाळवाण्या कामाला माणूस मिळत नाही. डेबियन थोर की आर्च, याला मात्र रात्री दोनला पाच जण हजर.

तुम्हीही थकता, हे मान्य. तोच प्रश्न चारशेव्या वेळी, फुकटात, स्वतःची नोकरी सांभाळून. येणाऱ्यांतही नग असतात; 'तुमचं लिनक्स बोगस आहे, लगेच नीट करा' म्हणणारे मी रोज बघतो, आणि त्यांना मीही चहा पाजत नाही. थकला असाल तर उत्तर देऊ नका. खरंच. गप्प बसलेल्या माणसाने आजवर कुणाला पळवून लावलेलं नाही. पण एक थट्टा मात्र कायमची बंद करा: नवख्याला 'फ्रेंच भाषा काढून टाकायची आज्ञा' म्हणून आरएम एफआर पाठवायची, जी खरं तर न विचारता फाइली पुसते. माहीत असलेल्याला त्यात हसू येतं. ज्याला माहीत नाही त्याच्या नातवंडांचे फोटो जातात, आणि ते दुरुस्त करायला तो माझ्या दुकानात येतो, तेव्हा मला हसू येत नाही.

आणि जमलं तर ग्रुपच्या माथ्यावर एक निरोप टाचून ठेवा, साध्या मराठीत: मराठी कीबोर्ड कसा जोडायचा, दोन भाषांत अदलाबदल कशी करायची, ऱ्य आणि ऱ्ह कुठल्या कळांवर आहेत. विंडोज पुसायच्या आधी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून महिनाभर बघा, असंही त्यात लिहा. परतीची वाट दिसत असली की माणूस निवांत पुढे चालतो. मजकूर मी लिहून देतो, चुका तुम्ही काढा. तुम्हाला ते छान जमतं.

गुरुजी ग्रुप सोडून गेले. जाताना लिहिलं, "सर्वांनी वेळ दिला, आभारी आहे." त्यांच्या लॅपटॉपवर आता 'कऱ्हाड' उमटतंय, ऱ्ह सकट. इतिवृत्त लिहून झालंय, पण ते अजून पेनड्राइव्हवर शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे जातं, कारण घरचा जुना लेझर प्रिंटर मिंटला दाद देत नाही. छापायला सांगितलं की एक पान ओढतो, दिवा दोनदा लुकलुकवतो आणि गप्प बसतो. ड्रायव्हर दोन प्रकारे टाकून बघितला, छपाई सांभाळणारी कप्सची सेवा पुन्हा सुरू करून बघितली, केबल बदलली. हा प्रिंटर कुणी चालवला असेल तर कळवा. मॅन्युअल वाचलेलं आहे.

आपला,
एक दुकानदार, कऱ्हाड